नऊशे ग्रॅमचा अंगठा

बर्थाच्या अंगठ्याचा जोर नऊशे ग्रॅम भरला. ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिनं वसईच्या बाजारात कित्येक वर्षं कोळंबी आणि मांदेली तोलली, त्याच काट्यावर तिच्या मुलीनं तिला अंगठा दाबायला लावला. दहा वेळा दाबायला लावला, दहाही आकडे वहीत लिहिले आणि सरासरी काढली.

“आता काय अंगठा इकतेस माजा?” बर्था म्हणाली. “काट्याला मासळीचा वास हाय. गिऱ्हाईक येनार नाय.”

“आय, हसू नकोस. हसलीस की आकडा हलतो.”

बर्थानं हसू आवरून पुन्हा अंगठा दाबला. क्रिस्टिनानं आकडा लिहिला.

क्रिस्टिना मुंबईतल्या एका संस्थेत रबराच्या जाळ्या तयार करायची. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जाळं म्हटलं की माणसं होडीकडे बघतात, म्हणून गावात ती आपल्या कामाबद्दल फारसं बोलत नसे. आईला मात्र तिनं एकदा समजावलं होतं. रबराचा भरीव ठोकळा घेतला तर तो जितका कडक तितकाच जन्मभर राहतो. पण तेच रबर बारीक भिंतींच्या छोट्या छोट्या घरांच्या साच्यात ओतलं आणि प्रत्येक घरावर वालाच्या दाण्याएवढा घुमट ठेवला, तर कडकपणा रबराच्या हातात राहत नाही, तो घरांच्या मांडणीवर ठरतो. घुमट वर असला की घर ताठ उभं राहून भार घेतं. घुमट अंगठ्यानं दाबला की तो टक करून आत जातो, भिंती वाकतात आणि घर मऊ पडतं. पुन्हा कुणी वर ओढेपर्यंत ते तसंच राहतं. त्याला सेल लागत नाही, स्क्रू लागत नाही. अशी शहाण्णव घरं एका पट्ट्यात बसवली की कुठली वर, कुठली खाली यावर एकाच पट्ट्याचे हवे तितके पट्टे होतात. अशा पदार्थाला मेटामटेरियल म्हणतात, असंही तिनं सांगितलं.

“म्हंजे बटनं,” बर्था म्हणाली.

पट्टा बर्थाच्या उजव्या गुडघ्यासाठी होता. जन्मभर उकिडवं बसून मासळी विकल्यावर तो गुडघा बाहेरच्या बाजूला निसटायला लागला होता, आणि साखर इतकी वाढलेली की डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. पट्ट्यात बारा-बारा घरांच्या आठ ओळी होत्या. चालताना बाहेरच्या अंगाच्या ओळी उभ्या हव्यात, त्या काठीसारख्या गुडघ्याला धरून ठेवत. बसल्यावर आवळतं म्हणून हवी तेवढी घरं दाबून मऊ करायची. उठण्यापूर्वी कडेची कापडी पट्टी ओढायची, की सगळी घरं तडतडत वर येत. पट्टी ओढल्याशिवाय उठायचं नाही, एवढा एकच नियम होता.

घुमट दाबायला किती जोर लागावा, यावरून संस्थेत वाद झाला. दिनानाथ सर, म्हणजे क्रिस्टिनाचे मार्गदर्शक, म्हणत होते दोन किलो ठेव, भिंत अकरा दशांश मिलिमीटरची कर, म्हणजे चुकून कुणी दाबणार नाही. क्रिस्टिना हटून बसली. ज्याचा गुडघा आहे त्याला तो स्वतःच्या अंगठ्यानं बदलता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. तिनं भिंत आठ दशांशाची केली आणि जोर सातशे ग्रॅमवर आणला. कामणच्या एका गाळ्यात साचे ओतून घेतले. घुमट आत जाताना होणारा टक आवाजही तिनं मुद्दाम ठेवला. डोळ्यांना दिसलं नाही तरी कानाला आणि बोटाला कळावं, म्हणून.

आईच्या बोटांना काय कळतं आणि काय कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. साखरेनं बर्थाची बोटं बधिर झाली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून ती जपमाळ करायची तेव्हा मणी बोटातून निसटायचे. मग ती थांबायची आणि जो कुणी जवळ असेल त्याला विचारायची, “हा झाला का र?”

एकदा जवळ क्रिस्टिना होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

“आय, तुझा देव काय मोजत बसलाय? एखादा मणी इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलं?”

“देव नाय मोजत,” बर्था म्हणाली. “मी मोजते.”

“मग मनात मोज. ओठ हलवत बसतेस, मला फोनवर माणसं विचारतात मागे कोण बोलतंय.”

बर्थानं जपमाळ आवळून मुठीत धरली. मग ती आत गेली आणि तिनं ती घरातल्या वेदीखालच्या खणात ठेवली. खण बंद झाल्याचा आवाज क्रिस्टिनानं ऐकला. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात पट्टा आला. त्यानंतर क्रिस्टिना शनिवार-रविवारी घरी आली की आई संध्याकाळी ओट्यावर नुसती बसलेली दिसे, ओठ मिटलेले, हात गाऊनवरून गुडघ्यावर. क्रिस्टिनाला बरं वाटलं. म्हातारपणी आईनं एक नाद सोडला, असं ती धरून चालली. तिनं स्वतः तो बारा वर्षांपूर्वीच सोडला होता.

तिचा भाऊ ॲल्रॉय बापाची होडी चालवायचा आणि गल्लीतल्या क्रूसापुढे ऑक्टोबरभर जपमाळ चालवायचा. त्याला पट्टा पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

“लोक मासळीला बरफ लावतात, हिनं आयला रबर लावलंय,” तो म्हणाला. “उंदीर मिळाला नाय का ग तुला मुंबईत?”

“तू ऑपरेशन करून आण मग.”

“नको भांडूस त्याच्याशी,” बर्था म्हणाली. “मला बरा हाय पट्टा. टक वाजतो.”

पट्ट्यात एक पातळ तार होती. कुठलं घर कधी दाबलं आणि गुडघ्यावर किती भार आला, ते ती संस्थेतल्या संगणकाला कळवायची. दुसऱ्याच आठवड्यात क्रिस्टिनाला आकड्यांत एक गोष्ट दिसली. रोज संध्याकाळी सातनंतर बर्था एकेक घर दाबत जायची, सावकाश, सारख्या अंतरानं. वीसेक मिनिटांत बरोबर त्रेपन्न घरं. मग पट्टी ओढायची आणि सगळी पुन्हा वर. चार महिन्यांत यात जवळजवळ खंड नव्हता.

“रोज त्रेपन्नच कशी?” सरांनी विचारलं.

“सवय. वापरणारा माणूस काही दिवसांत स्वतःची एक मांडणी शोधतो आणि तिथे स्थिरावतो,” क्रिस्टिना म्हणाली.

आईला तिनं विचारलं नाही. विचारलं तर ती वेगळं वागायला लागेल आणि आकडे बिघडतील. तिनं आलेख काढला आणि खाली लिहिलं, एकाहत्तर वर्षांची वापरकर्ती रोज त्रेपन्न वेळा पट्ट्याची लवचिकता स्वतः बदलते. तिच्या सगळ्या कामातला हाच आलेख लोकांना सर्वांत जास्त आवडायचा.

म्हणूनच पट्टा बाजारात आणू पाहणाऱ्या कंपनीची तीन माणसं आली, तेव्हा सरांनी त्यांना मुद्दाम संध्याकाळची वेळ दिली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शहाण्णव हिरवे ठिपके होते आणि त्यांच्याखाली गुडघ्यावरच्या भाराची एक रेघ. सात वाजून गेले आणि ठिपके एकेक करत लाल व्हायला लागले.

“ही आत्ता, या क्षणी, वसईत बसून मांडणी करतेय,” सर म्हणाले.

पाहुणे पुढे सरकले. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, “किती तालात करतेय!”

“हातात बसलंय तिच्या,” क्रिस्टिना म्हणाली.

“या मांडणीवर ती चालते कशी, ते बघायला मिळेल?”

क्रिस्टिनानं पडद्याकडे पाहिलं. बाहेरच्या अंगाच्या ओळी लाल होत आल्या होत्या. उठण्यापूर्वी पट्टी ओढायची असते, एवढं ती बोलली. सर हसले. “तिनं स्वतः निवडलेल्या मांडणीवर ती चालली नाही, तर आपण दाखवतोय काय? फोन लाव.”

तिनं लावला. बर्थानं बऱ्याच वेळानं उचलला.

“आय, पट्टा आहे ना पायाला? ऊठ, पायऱ्या उतर आणि क्रूसापर्यंत चालून ये.”

“थांब बाय जरा. माजं होवंदे.”

“काय व्हायचंय? इथे पाहुणे खोळंबलेत.”

“सतरा ऱ्हायलेत.”

“ते नंतर कर. आणि हे बघ, पट्टी ओढू नकोस. आत्ता आहे तशीच चाल.”

“तशीच?”

“तशीच.”

फोन चालूच होता. बर्थानं तो गाऊनच्या खिशात टाकला असावा, कापडाची सळसळ ऐकू आली. मग पडद्यावरची रेघ एकदम उंच गेली आणि सपाट झाली. फोनमधून काहीतरी पडल्यासारखा आवाज आला, आणि मग काही नाही.

“नेटवर्क,” सर म्हणाले.

एका पाहुण्यानं ती उंच रेघ कसली, असं विचारलं. क्रिस्टिनानं पडद्याजवळ जाऊन समजावून सांगितलं, पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट भार येतो, तो पट्टा कसा झेलतो. दोन मिनिटं ती बोलत होती. बोलणं चांगलं झालं.

शेजारच्या रोझलीन मावशीला बर्था पायऱ्यांच्या तळाशी सापडली. डोकं पायरीच्या दगडी कडेवर आपटलं होतं. इस्पितळात नेलं, पहाटेपूर्वी ती गेली. ॲल्रॉयचा फोन आल्यावर क्रिस्टिना निघून आली, एवढंच घरच्यांना माहीत होतं. आपल्या फोनबद्दल ती बोलली नाही. आईच्या खिशातला फोन फुटला होता आणि तो कुणी दुरुस्तीला दिला नव्हता.

इस्पितळानं पट्टा कापडी पिशवीत घालून दिला. ॲल्रॉयनं तो कपाटावर टाकला. क्रिस्टिना महिनाभर त्या कपाटाखाली झोपली. पट्टा काढून बघायची हिंमत तिला झाली नाही. आठ दशांशाची भिंत फाटली असेल, तर आईला तिच्या हट्टानं मारलं होतं. सरांचं ऐकून अकरा दशांशाची केली असती, तर आई आज असती. रोज झोपताना ती हे तीन दशांश मिलिमीटर डोक्यात मोजायची. नखाच्या जाडीएवढेही नव्हते ते.

चर्चमध्ये आईच्या महिन्याची मिस्सा झाली त्या दिवशी दुपारी दिनानाथ सर पट्टा न्यायला आले. त्यांनी बर्थाच्या तसबिरीपुढे हात जोडले, सरबत घेतलं, आणि मग म्हणाले, “बघून घेऊ या का?”

क्रिस्टिनानं पिशवी खाली काढली. सरांनी पट्टा खिडकीच्या उजेडात धरला, खिशातलं भिंग काढलं आणि एकेक ओळ तपासली. बराच वेळ लागला.

“एकही भिंत फाटलेली नाही,” ते म्हणाले. “तुझी आठ दशांश टिकली, क्रिस्टिना.”

तिला इतकं हलकं वाटलं की तसबिरीकडे बघवेना.

“छत्तीस घरं खाली आहेत,” सर पुढे म्हणाले. “बहुतेक बाहेरच्या अंगाची. पडताना इतकी नीट दाबली जात नाहीत, म्हणजे त्यांनी स्वतःच दाबली होती. अहवालात वापरणाऱ्याची चूक असं लिहिता येईल. पदार्थात दोष नाही.”

ॲल्रॉय संध्याकाळच्या जपमाळेसाठी पॅरिशच्या हॉलमधून आणलेल्या खुर्च्या आत घेत होता. दोन खुर्च्या हातात तशाच धरून तो थांबला.

“कोनाची चूक?”

“तसं नाही हो,” सर म्हणाले. “भाषा असते ती.”

ॲल्रॉयनं खुर्च्या ठेवल्या आणि त्यांच्या हातातून पट्टा घेतला. त्याला रबरातलं काही कळत नव्हतं. त्यानं नुसता अंगठा ओळींवरून फिरवला, एकदा, मग पुन्हा.

“तीन,” तो म्हणाला. “दहा. दहा. दहा. तीन.”

क्रिस्टिना बघत राहिली.

“दर ओळीत बारा, पन दाबलीत दहाच. दोन सोडलीत. तिथं ‘हे आमच्या बापा’ म्हनली असनार.” त्यानं सरांकडे पाहिलं. “तुमची मांडनी नाय ही, सर. जपमाळ हाय. सुरवातीला तीन ‘नमो मरिया’, मग पाच वेळा दहा-दहा. सगळे मिळून त्रेपन्न. तिच्या बोटांना मनी लागत न्हवते. हे लागत होतं.”

त्रेपन्न. चार महिने रोज संध्याकाळी. पाचूबंदरातल्या कुठल्याही पोरानं तो आकडा ऐकताच ओळखला असता. क्रिस्टिनानं त्याचा आलेख काढला होता.

ॲल्रॉय तिच्याशी बोलत नव्हता, पट्ट्याशीच बोलत असल्यासारखा बोलत होता. “पन आय अर्धी जपमाळ सोडून कदी उठली नाय. पप्पाच्या छातीत कळ आली, तवा पन दहा पुरे करून उठली. लोकांनी नावं ठेवली तिला. मग तीनवर का उठली? कोनी उठवली तिला?”

सरांनी भिंग खिशात ठेवलं. “या वयात होतं असं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “मध्येच विसरायला होतं. काय करत होतो तेच आठवत नाही. दाराशी कुणी आलं असेल.”

“इसरली?” ॲल्रॉय खुर्चीवर बसला. “म्हंजे आयनं सोडली?”

त्यानं पट्ट्यावरची ती अर्धी ओळ पुन्हा चाचपली.

“रोझलीन मावशी रोज इचारते,” तो म्हणाला. “जाताना बर्थाच्या तोंडात काय होतं. आज सगळ्या बाया इचारनार. काय सांगू? मरियेला मदीच टाकून उठली नि पडली?”

सर क्रिस्टिनाकडे पाहत होते. त्यांनी मान अगदी बारीक हलवली, नको अशी. फोनची गोष्ट खोलीतल्या त्या दोघांनाच ठाऊक होती, आणि गप्प राहणं सोपं होतं. भिंत फाटली नव्हती. अहवाल तयार होता. किंमत फक्त एवढीच होती की बर्था विसराळू ठरणार होती.

“मी उठवलं,” क्रिस्टिना म्हणाली.

“क्रिस्टिना, याची गरज नाही.”

“मी फोन केला होता. पाहुण्यांना चालून दाखव म्हटलं. ती म्हणाली थांब. सतरा राहिलेत म्हणाली. मी म्हटलं, नंतर कर. पट्टी ओढू नकोस असंही मीच सांगितलं.”

ॲल्रॉय ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो बोटांवर मोजत होता.

“छत्तीस नि सतरा,” तो म्हणाला. “बरोबर हाय. आयनं हिशेब चुकवला नाय.” मग तिच्याकडे बघून त्यानं विचारलं, “चौथं दशक कोनाचं ग?”

त्यांच्या घरात जपमाळेची दहा-दहा मण्यांची पाच दशकं वाटलेली होती. पहिलं पप्पाचं, सॅन्टनचं. दुसरं आईचं, तिसरं ॲल्रॉयचं, पाचवं रोझलीन मावशीचं. प्रत्येकानं आपापलं दशक मोठ्यानं म्हणायचं.

“माझं,” क्रिस्टिना म्हणाली.

“बारा वर्सं आय म्हनत होती तुजं. त्यातलेच तीन झालेले. तू तिला तुज्यातनंच उठवलीस.”

तो उठला. पट्टा त्यानं दोन्ही हातांत धरला आणि कडेची कापडी पट्टी बोटात गुंडाळली. तो काय करणार, ते क्रिस्टिनाला कळलं.

“नको! राहू दे तो तसाच. ॲल्रॉय, मला हवाय तो.”

“तुला कशाला?” तो म्हणाला. “तुज्याकडं आकडे हायत ना.”

त्यानं पट्टी ओढली. छत्तीस घरं तडतडत वर आली. आवाज मिरच्या फोडणीत टाकल्यासारखा, क्षणभराचा. शहाण्णव घुमट सारखे उभे राहिले, कामणच्या गाळ्यातून आले तसे. त्यानं पट्टा सरांच्या हातात दिला.

“न्या. चांगला हाय. दोष नाय त्याच्यात.”

सरांनी तो पिशवीत घातला. दारात ते क्रिस्टिनाला हळूच म्हणाले, “सोमवारी ये. घाई नाही.” आणि गेले.

सातला बायका जमल्या. तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या. ॲल्रॉयनं वेदीखालचा खण उघडून आईची जपमाळ काढली. ती तो क्रिस्टिनाला देईल असं काही जणींना वाटलं, त्या तिच्याकडे बघायला लागल्या. त्यानं ती स्वतःच्या हातात ठेवली. पप्पाचं आणि आईचं दशक त्यानं म्हटलं, आपलं म्हटलं. मग तो थांबला.

जुन्या बायकांना कुणाची पाळी आहे ते माहीत होतं. क्रिस्टिनानं ओठ ओले केले. शब्द येतील की नाही, याची तिला खात्री नव्हती, पण पहिला शब्द आला. तिनं तोंड उघडलं.

“रोझलीन मावशी,” ॲल्रॉय म्हणाला, “चौथं पन तुमीच घ्या.”

मावशीनं एकदा क्रिस्टिनाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. बायकांनी मागून आवाज धरला. क्रिस्टिना बसून राहिली. एक झाला, दोन झाले, तीन झाले. चौथ्याला तिचा अंगठा तिच्याच गुडघ्यावर दाबला गेला. पाचव्याला पुन्हा. ती पुरेसा जोर लावत होती, नऊशेहून जास्त. गुडघा साधा होता, कडक, आणि त्यातून काही वाजत नव्हतं. तरी ती सतरापर्यंत दाबत राहिली. मोजण्यात तिची चूक झाली नाही.